बेचाळिसावा दोष

सोमवार, ३

औषध कंपनीच्या माणसाने दिलेली ही डायरी तीन महिने खणात पडून होती. दर पानाच्या डोक्यावर पोट साफ करणाऱ्या गोळीची जाहिरात आहे. तरी आज लिहायला घेतली, कारण मनातलं हॉस्पिटलात कुणाशी बोलायची सोय नाही आणि आईला सांगितलं तर ती आधी माझीच चूक शोधते.

सकाळी अधीक्षकांनी बोलावलं. वरून परिपत्रक आलंय. हॉस्पिटलची वेबसाइट अंध, बहिरे, हात न चालणारे अशा सगळ्यांना वापरता आली पाहिजे. अठ्ठावीस तारखेपर्यंत तपासनीसाची सही मिळाली नाही, तर घरबसल्या नंबर लावायची सोय बंद करून टाकणार. म्हणजे पुन्हा पहाटेपासून खिडकीपुढे रांग, आणि सगळ्या शिव्या संगणक विभागाला. संगणक विभाग म्हणजे मी. दुसरं कुणी नाही.

"साहेब, सहा वर्षं एकटी सांभाळतेय वेबसाइट. एक तक्रार आलेली नाही."

"मग घाबरता कशाला? परवा तपासनीस येतोय. अंध आहे."

"अंध? मग तो बघणार काय?"

"मीही तेच विचारलं. त्यांनी फोन ठेवला."

बुधवार, ५

तपासनीस आला. मी त्याला आणायला खाली फाटकावर जाऊन उभी राहिले, तोवर हा दुसऱ्या जिन्याने वर येऊन माझ्या खोलीत बसलेलासुद्धा. पंचेचाळिशीचा असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी काठी घडी करून मांडीवर. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता म्हणे. मी आत आल्या आल्या म्हणाला, "खिडकी तुमच्या बाजूला ठेवलीय. उजेड तुम्हाला लागेल."

पहिल्या दिवशी कोण असं बोलतं?

त्याने आधी सबंध वेबसाइटची प्रत काढून घेतली. नियम आहे म्हणे, कारण नंतर लोक गुपचूप झाडलोट करतात. मग स्वतःचा वाचून दाखवणारा प्रोग्राम लावला. पडद्यावर जे आहे ते हा प्रोग्राम बोलतो, पण इतका भराभर की मला एक अक्षर कळेना. माझ्यासाठी त्याने वेग कमी केला. तेव्हा ऐकू आलं, "लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा."

"बाई, इथे म्हणजे कुठे?"

"अहो, समोर दिसतंय की..." मी जीभ चावली.

मी माफी मागायच्या आत तो हसला. "सतरा वेळा बोलावलंत, पत्ता एकदाही दिला नाहीत."

मी त्याला सहा वर्षांत एकही तक्रार नसल्याचं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, "तक्रारीच्या फॉर्मच्या शेवटी एक चित्र आहे. त्यातले वाकडेतिकडे आकडे ओळखून लिहायचे, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होतं. मला सहा वर्षांत ते सिद्ध करता आलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस दोष लिहून दिले. फक्त डॉक्टरांच्या फोटोंचं पान उघडलं नाही. का, तर "चवीचं शेवटी."

घरी आईने विचारलं, कसा आहे माणूस? मी म्हटलं, आगाऊ आहे.

"पंचेचाळिशीचा आणि आगाऊ?"

"तुला वय कसं कळलं?"

"आल्यापासून तीनदा सांगितलंस."

शुक्रवार, ७

त्याने काल घरचा अभ्यास दिला होता. पडदा झाकायचा, माउस खणात टाकायचा आणि आपल्याच वेबसाइटवरून दाताच्या डॉक्टरांचा नंबर लावायचा. म्हटलं, त्यात काय. पडद्यावर ओढणी टाकली आणि प्रोग्राम लावून बसले.

पन्नास मिनिटं लागली. तारखेच्या कॅलेंडरमध्ये शिरले ती बाहेरच पडता येईना. गेल्या साली पोचले, तिथून पुढच्या सालात. दोनदा फॉर्म मुदत संपून कोरा झाला. शेवटी "नोंद झाली" असं ऐकलं आणि टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या. दुपारी लहान मुलांच्या विभागातून सिस्टरचा फोन. "बाई, बाळाला मंगळवारी आणा. वय त्रेचाळीस महिने बरोबर आहे ना?"

हे त्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सांगितलं. एवढा हसला की शेजारच्या खोलीतून एक्स-रेवाले डोकावून गेले.

तो गेल्यावर मात्र मला हसू येईना. मी पन्नास मिनिटं अडकले आणि ओढणी काढून मोकळी झाले. इतकी वर्षं माझं काम चोख आहे असं समजत होते. लाज वाटली.

मंगळवार, ११

शनिवार-रविवार राबून कॅलेंडर काढून टाकलं. आता साधे तीन रकाने: दिवस, महिना, वर्ष. मुदत वाढवली. सगळ्या लिंकांना नावं दिली. ते माणूस असल्याचं चित्रही गेलं.

तपासून बघतो म्हणाला आणि स्वतःसाठीच कानाच्या डॉक्टरांचा नंबर लावला. चार मिनिटं. प्रोग्राम म्हणाला, "नोंद झाली." त्याने ते वाक्य पुन्हा लावून ऐकलं. मला वाटलं आणखी काही बिघडलं.

मग म्हणाला, "मी एकटा राहतो. माझा नंबर दरवेळी शेजारच्या काकू लावून देतात. फार चांगल्या आहेत. पण मला मूळव्याध झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्यांनी जिन्यात थांबवून उपाय सांगितले. आज पहिल्यांदा माझं दुखणं माझ्याजवळच राहिलं."

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. डोळे भरून आले होते. त्याला दिसलं नसतं तरी गेले.

बुधवार, १२

मेले. गेले. संपलं सगळं.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दोष दुरुस्त झाले. उरलं डॉक्टरांचं पान. उद्या तो ते तपासणार, म्हणून आज आधी मीच प्रोग्राम लावून ऐकलं.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टर आणि विभागप्रमुखांचे तीस फोटो मीच चढवले होते. प्रत्येक फोटोबरोबर 'चित्राचं वर्णन' असा रकाना यायचा आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. तिथे लिहिलेलं पडद्यावर कुठेच उमटत नव्हतं. मला वाटलं, कुणी वाचत नाही. फोटो एकेक करून चढवताना कंटाळा आला होता, म्हणून मनाला येईल ते ठोकलं. नंतर बदलू म्हटलं आणि विसरले.

तो रकाना कशासाठी असतो ते आज कळलं. तो अंध माणसांना वाचून दाखवला जातो.

"हाडांचे डॉक्टर. मिशा काळ्या केल्या, भुवया विसरले. हात मात्र अगदी हलका."

"दातांचे डॉक्टर. हसतायत, पण स्वतःचे दात दाखवत नाहीत, यावरून काय ते समजा."

"कानाचे डॉक्टर. चेहरा घाईचा. पण एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी चिडत नाहीत."

"त्वचेच्या डॉक्टरीणबाई. गोड हसू फक्त फोटोपुरतं. अकराच्या आत गाठावं, नंतर भूक लागलेली असते."

आणि अधीक्षक. देवा. "अधीक्षक. कोट दुसऱ्याचा, खांद्यात मोठा. पाच मिनिटं ओरडतात, मग विसरतात. ती पाच मिनिटं समोर उभं राहू नये."

सहा वर्षं! सबंध हॉस्पिटलात एक माणूस ऐकत नव्हता आणि गावातला प्रत्येक आंधळा माणूस ऐकत होता.

जेवणाच्या सुट्टीत दार लावून सगळं पुसलं. एकोणतीस ठिकाणी फक्त "डॉक्टरांचं छायाचित्र" किंवा "विभागप्रमुखांचं छायाचित्र" असं लिहिलं.

गुरुवार, १३

त्याने पान उघडलं. "डॉक्टरांचं छायाचित्र. डॉक्टरांचं छायाचित्र." तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"बाई, हे काय केलंत?"

"दुरुस्त केलं."

"अहो, हे आमच्या अंधांच्या संघात लोकांना पाठ होतं. नवीन कुणी आला की आधी हे पान ऐकवतात. डोळसांना नुसता फोटो आणि पदव्या दिसतात. कोण ऐकून घेतो आणि कोण खेकसतो, हे फक्त आम्हाला माहीत होतं. आयुष्यात एकदाच आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त दिसत होतं." मग म्हणाला, "कुणी लिहिलं होतं?"

आणि मी, सबंध जन्मात शाळेच्या हजेरीपुरतंसुद्धा खोटं न बोललेली बाई, म्हणाले, "आधीचा एक माणूस होता. सोडून गेला."

"अरेरे," तो म्हणाला. "त्याला भेटायचं होतं. ही तपासणी मी त्यासाठीच मागून घेतली."

आता काय करू? शुक्रवारी, एकवीस तारखेला, तो अधीक्षकांसमोर अहवाल वाचणार. पहिल्या दिवसाची प्रत त्याच्याकडे आहे, म्हणजे मी पुसल्याचा काही उपयोग नाही. आणि आधीचा माणूस कधी नव्हताच, हे अधीक्षकांना पक्कं ठाऊक आहे. नोकरी जाईल ती जाईल, पण त्याच्यासमोर खोटारडी ठरेन. यातलं दुसरं जास्त का लागतंय कळत नाही. बहुधा कामातला प्रामाणिकपणा वगैरे.

शनिवार, १५

आई म्हणाली, "आज बांगड्या?"

मी सांगितलं की दृष्टी नसलेल्या माणसाला आपण खोलीत आलोय हे आवाजाने कळावं, एवढाच त्यात हेतू आहे.

"मग दार वाजवायचं."

"आई, तुला या विषयातलं कळत नाही."

"नसेल. पण मग कपाटातलं अत्तर कुणी संपवलं?"

तिला सगळं सांगितलं, म्हणजे वर्णनांचं. अपेक्षेप्रमाणे चूक माझीच निघाली. पण अधीक्षकांच्या कोटाशी आली तेव्हा हसता हसता तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "सोमवारी जा आणि सांगून टाक. तुला खोटं पचत नाही, लहानपणीही तुझं पोट दुखायचं."

सोमवार, १७

सांगणारच होते. दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा त्यानेच विषय काढला.

"त्या सोडून गेलेल्या माणसाचा विचार करतोय. कसा असेल हो?"

"साधाच होता."

"मला वाटतं तिरसट असणार, पण मनाने वाईट नाही. एकाचंही व्यंग काढलेलं नाही त्याने, फक्त ऐट काढलीय. जेवायला एकटा बसत असेल. सगळ्यांकडे इतकं बारीक लक्ष असतं ना ज्याचं, त्याच्याकडे बहुतेक कुणाचंच लक्ष नसतं."

फार लागलं ते. मी कीबोर्डवर उगाचच काहीतरी बडवत बसले.

"मिशी होती का त्याला?" तो म्हणाला.

"नाही."

"बांगड्या?"

"काय?"

"काही नाही. प्रोग्रामशी बोलत होतो."

हा माणूस कधी कधी अगदी असंबद्ध बोलतो.

गुरुवार, २०

आज तो आला नाही, अहवाल लिहितोय. खोली ओस वाटली. पोट दुखतंय. डायरीवर जाहिरात असलेली गोळी घेतली, काही फरक नाही.

शुक्रवार, २१

अकरा वाजता अधीक्षकांच्या खोलीत बैठक. अधीक्षक, तो, मी. त्याने ब्रेलचा अहवाल मांडीवर ठेवला आणि बोटं फिरवत वाचायला लागला. एक्केचाळीस दोष, कधी सापडले, कधी दुरुस्त झाले. मध्येच, "संगणक विभागाने या कामात दाखवलेली जिद्द मी आजवर कुठे पाहिलेली नाही." पाहिलेली, म्हणाला. मी मान वर केली नाही.

मग डॉक्टरांचं पान. पहिल्या दिवशीच्या प्रतीतली एकोणतीस वर्णनं त्याने एकामागून एक वाचली. हाडांच्या डॉक्टरांना अधीक्षक हसले. दातांच्या डॉक्टरांना टेबलावर हात मारला. मग त्याने वाचलं, "अधीक्षक. कोट दुसऱ्याचा."

सगळं वाचलं त्याने. पाच मिनिटांचं सुद्धा.

"कुणी लिहिलं हे?" अधीक्षक त्याच्याकडे वळले.

"त्या जागी मी काही लिहिलेलं नाही, साहेब," तो म्हणाला. "ते हॉस्पिटलने सांगायचं."

मी सांगितलेलं खोटं त्याने लिहिलं नव्हतं. जागा कोरी सोडली होती. मला पळवाट होती की नव्हती कोण जाणे, मला ती शोधावीशीच वाटली नाही. मी उभी राहिले.

"मी लिहिलं. सोडून गेलेला माणूस वगैरे कुणी नाही. यांच्याशी खोटं बोलले, त्याबद्दल यांची माफी मागते. तुमची पण मागते, पण आधी यांची."

अधीक्षक ओरडले. बरंच ओरडले, शिस्त, पद, सेवापुस्तकात नोंद, सगळं आलं. मी समोरच उभी होते. मग साहेब एकदम पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोट मेहुण्याचा होता. तुम्हाला कसं कळलं?"

नोकरी राहिली. लेखी समज मिळणार. फोटोंखाली आता खरी, सभ्य वर्णनं लिहायची. आणि कोण ऐकून घेतो, कोणाकडे कधी जावं, हे डॉक्टरांना विचारून सगळ्यांना दिसेल असं वेगळ्या पानावर द्यायचं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला अधीक्षक स्वतः जाणार नाहीत, मला पाठवणार.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्या पानावर तीस फोटो आहेत. एकोणतिसांखाली वर्णन. एकाच्या जागी नुसती एक टिंबाची खूण, पुढे जाण्यापुरती. संगणक विभाग. ज्याने सगळ्यांवर लिहिलं, त्याला स्वतःवर लिहायला काही सापडलं नाही. आणि तुम्ही तोंड उघडलंत, मग शंकाच उरली नाही. तसंच बोलता."

मला रागवायचं होतं. जमलं नाही.

"तर हा बेचाळिसावा दोष," तो म्हणाला. "तुमच्या फोटोला वर्णन नाही. लिहा, मी सोमवारी तपासायला येतो."

सोमवार, २४

लिहिलं: "संगणक विभागप्रमुख. हसतमुख महिला."

तो ऐकून म्हणाला, "खोटं. नापास."

मंगळवार, २५

"संगणक विभागप्रमुख. वय त्रेचाळीस. चष्मा. केस मागे बांधलेले."

"हे ओळखपत्र झालं. यातून माणूस दिसतो का? नापास."

मी म्हटलं, दुसऱ्यांचं लिहायला सोपं होतं. तो म्हणाला, माहीत आहे, म्हणून तर. मग चहा घेऊन एक तास बसला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या गमती सांगत होता. कामाचा वेळ गेला.

गुरुवार, २७

चौथा मसुदाही नापास. "संगणक विभागप्रमुख. कपाळावर आठी, ती रागाची नाही, सवयीची." यावर त्याने ती ओळ दोनदा लावून ऐकली. मला वाटलं पास. म्हणाला, "जवळ आलात. पण अजून काहीतरी राहतंय. उद्या बघू."

उद्या! उद्या अठ्ठावीस तारीख आहे. उद्या सही झाली नाही तर सोय बंद. याला काही गांभीर्य आहे की नाही? बाकीचे एक्केचाळीस दोष दहा दिवसांत काढले आणि एका ओळीसाठी आठवडा घालवतो. रोज येतो, बसतो, चहा घेतो, नापास करतो, जातो. याला दुसरी कामं नाहीत का?

शुक्रवार, २८

सकाळी आल्या आल्या तडक अधीक्षकांकडे गेले. म्हटलं, "साहेब, तपासनीस सही देत नाही. आज शेवटचा दिवस आहे. तुम्हीच काहीतरी बोला त्याच्याशी."

अधीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. खण उघडला, एक कागद काढून पुढे सरकवला. दाखला. वेबसाइट सर्वांना वापरण्यायोग्य. खाली त्याची सही, तारीख एकवीस.

"बैठकीनंतर, तुम्ही तुमच्या खोलीत गेल्यावर, परत येऊन देऊन गेला तो. त्याच दिवशी वर पाठवला मी. तुमच्या फोटोबद्दल तर म्हणाला, एका वर्णनावाचून काही अडत नाही. त्याचं इथलं काम मागच्या शुक्रवारीच संपलं, बाई." आणि मग, ओरडणारे, कोटवाले अधीक्षक अगदी हळू आवाजात म्हणाले, "रोज कशाला येतो मग, असं मी विचारणार होतो. म्हटलं नको."

मी कागद परत ठेवला. खोलीत येऊन बसले. कान गरम झाले होते.

साडेदहाला तो आला. पाचवा मसुदा तयार होता, कालच नीट विचार करून लिहिलेला, आणि चांगला होता. मला आता खात्री आहे, तो पास झाला असता. तो वाचून दाखवलाच नाही. म्हटलं, जमलं नाही हो, सोमवारपर्यंत वेळ द्या.

"घाई नाही," तो म्हणाला.

सोमवारसाठी नवा मसुदा लिहिलाय. मुद्दाम वाईट लिहिलाय.